मांज्यानं कापलेलं बोट

संक्रांतीच्या सकाळी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला आणि दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घराचे तीन जिने मी एका दमात चढलो. हिपॅटायटिस सीची औषधं संपून दोन वर्षं झाली होती. आजारात पहिल्याच जिन्यावर मला टेकावं लागायचं. आज गच्चीवर पोचलो तरी धाप नव्हती, नुसता आनंद उतू जात होता.

त्याआधीचे आठ दिवस मात्र मी घरच्यांचा जीव खाल्ला होता. मी नोकरीला आहे त्या बँकेच्या वार्षिक आरोग्य तपासणीत त्याच आजारापुढे 'पॉझिटिव्ह' आलं. कुणाला काही विचारण्याआधीच मी माझा नेलकटर पुन्हा वेगळ्या डबीत टाकला, दाढीचं सामान कुलपात ठेवलं आणि यंदाही पतंगाला हात लावणार नाही, असं जाहीर करून टाकलं. मांज्यानं बोट कापणारच, आणि माझं रक्त कुणाला लागायला नको. आजार कळल्यापासून प्रत्येक संक्रांतीला मी खालीच बसून वरचा आरडाओरडा ऐकत आलो होतो.

शेवटी बायकोनं मला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही तपासणी अँटिबॉडीची. त्या बरं झाल्यावरही राहतात. विषाणू आहे का, हे दुसऱ्या तपासणीत कळतं, मनाची खात्री हवी तर ती करू. यकृतावर जुने व्रण आहेत, तेव्हा दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही आणि दारू कायमची बंद, असंही त्यांनी बजावलं. मी दोन्हीला हो म्हटलं.

आणि आजच्या रिपोर्टात विषाणू नव्हता!

चौदा वर्षांच्या लेकीनं फिरकी धरली. समोरच्या गच्चीवरचा लाल पतंग कापला तेव्हा 'वो काटा' म्हणून मी असा ओरडलो की तिळगुळाचा डबा घेऊन वर येणारी बायको दचकली. नंतर ढील देताना मांजा बोटात घुसला. रक्त आलं. लेक फिरकी टाकून धावली. सवयीनं मी हात पाठीमागे लपवला आणि खेकसलो, "हात लावू नकोस."

"बाबा, मतलब, रिपोर्ट खोटा आहे का?" तिनं विचारलं.

मी हात पुढे केला. तिनं माझं बोट रक्त थांबेपर्यंत मुठीत दाबून धरलं. आमचा पतंग केव्हाच कुणीतरी कापून नेला होता. मी तिच्या मुठीकडेच बघत राहिलो.