मोकळी ओळ

साऱ्या निजामीत इतका सरळ माणूस दुसरा झाला नसेल, आणि इतका मोठ्यानं बोलणारा तर नक्कीच नाही. आमच्या मावशीचे यजमान कानानं अधू होते. त्यामुळं बाकीचं जगही बहिरंच आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी जेवताना मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन यायची. मी लग्न होऊन तुळजापुरात त्यांच्याच आळीत आले, तेव्हा मला वाटलं या घरात रोज भांडण चालतं. भांडण कसलं, काका मावशीच्या आमटीचं कौतुक करत होते!

हे काका आठवड्याला एक वर्तमानपत्र काढत. छापायची परवानगी मिळाली नाही, म्हणून हातानं लिहायचं, तेही एकच प्रत, ओसरीवरच्या फळ्याला लावायला. पण त्यालाही अमीनसाहेबांची, म्हणजे गावच्या पोलीस अधिकाऱ्याची, मंजुरी लागे. आणि साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. मग दर मंगळवारी काकाच कचेरीत बसून एकेक ओळ आधी मराठीत, मग उर्दूत वाचून दाखवत. साहेब नको म्हणतील तेवढी जागा मोकळी ठेवायची. 'कचेरीचे लोक गाडीवानांना वेठीला धरतात,' ही ओळ काका दर आठवड्याला लिहीत आणि साहेब दर आठवड्याला काढायला लावत.

एकदा न राहवून मी म्हटलं, त्यांना कुठं मराठी येतंय, तेवढी ओळ वाचताना गाळा की.

"खोटं वाचून खरं लिहू व्हय?" काका म्हणाले. चार घरांनी ऐकलं.

गंमत म्हणजे मंगळवारी देवीला आलेली माणसं, गाडीवान, बांगडीवाले, सगळे कचेरीच्या भिंतीला टेकून उभे असत. साहेब बिचारे विनवत, "पंडितजी, हल्लू पढो ना." काकांना ऐकूच जात नसे. घरी येऊन मात्र ते त्या मोकळ्या जागेकडं बघत खंतावायचे. बाहेर सारा बाजार ऐकतो, हे आम्ही त्यांना कधी सांगितलं नाही. कळलं असतं तर हळू वाचायला लागले असते, इतके सरळ.

निजामी गेली, वेठही थांबली. पुढं घटना मंजूर झाली. मनातलं लिहायचा हक्क तिच्यात दिलाय हे कळताच काकांनी आंघोळ करून, नवा टाक घेऊन तीच ओळ लिहिली आणि फळ्याला लावली. दुपारपर्यंत कुणी थांबलं नाही. सगळ्यांना ती केव्हाचीच पाठ होती की हो! मला फार वाईट वाटलं. मी फळ्यासमोर जाऊन उभी राहिले आणि खुणेनंच म्हटलं, वाचून दाखवा.

काकांनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचली. इतकी हळू, की मला कान जवळ न्यावा लागला.