टवका भिंतीकडे

त्या दिवाणखान्यात जुन्या चिनी मातीच्या फुलदाण्या आणि लाखकामाची काळीभोर चिनी कपाटं माणसांपेक्षा लाडात नांदायची. त्यांची धूळ पुसायचा मान फक्त मोलकरीण मावशीचा. मान कसला, जिवाला घोर! वस्तूला टवका उडाला असेल तर ती बाजू भिंतीकडे फिरवायची, हा बाईसाहेबांचा नियम तिच्या हाडीमाशी खिळला होता.

एकदा तिच्या पायाखालचं स्टूल कलंडलं. तिने निळी फुलदाणी पोटाशी धरली आणि स्वतः कपाटाच्या कोपऱ्यावर तोंडघशी आपटली. बाईसाहेबांनी धावत येऊन आधी फुलदाणी चाचपली. "अगं, काठाला टवका उडाला की!" मावशीचा गाल फाटून रक्त गळत होतं, पण गाल थोडाच चीनहून आणला होता!

गाल वेडावाकडा सांधला. पाहुणे आले की हुकूम सुटायचा, "मावशी, ती बाजू भिंतीकडे." मावशी मुकाट वळायची. नोकरी टिकली हेच खूप.

मग एका जाणकार पाहुण्याने फुलदाणी फिरवून पाहिली. "झाकता कशाला? जुन्या वस्तूला टवकाच शोभतो."

"अय्या, खरंच?" बाईसाहेब हरखल्या.

मावशीला वेडी आशा वाटली. तीही वळून उजेडात उभी राहिली. पाहुण्याने हातातला चहा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्याकडे बघून लोकांच्या घशाखाली चहा उतरत नाही. पण जाताना फुलदाणी पुसून जा हं, दुसऱ्या कुणाच्या हाताचा भरवसा नाही."

मावशीने फुलदाणी पुसली, टवका पुढे करून ठेवली आणि आपला गाल भिंतीकडे करून जिना उतरली.