उंच राहिलेली बाजू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, वहिनीला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दादाला तर नाहीच. आता दादा नाही. त्याचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्या पुन्हा शांत झाल्या — आणि मी लिहायला बसलो आहे. रोज थोडं लिहितो, त्यातलं बरंचसं खोडतो. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो आहे. तुमच्या ते लक्षात येईलच.

वडील गेले तेव्हा दादा नुकता मॅट्रिक झाला होता. तो फोर्टातल्या एका कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि मी शिकत राहिलो. त्याच्या हातांना मात्र टाकापेक्षा पाना आवडायचा. रविवारी आग्रा रोडवर कुणाची मोटार बंद पडली, तर लोक आमच्या चाळीत दादाला शोधत यायचे. अशातच त्याने एका बंगल्याच्या आवारात गंजत पडलेली जुनी इंग्लिश मोटार घेतली आणि वर्षभर खपून तिचं इंजिन जिवंत केलं. बेत साधा होता — लग्नसराईत ती नवरदेवासाठी भाड्याने द्यायची, लोकांनी काम बघायचं, आणि मग नोकरी सोडून रस्त्याकडेला स्वतःचं गॅरेज टाकायचं. "ही गाडी म्हणजेच माझी पाटी," तो म्हणायचा. "वेगळी रंगवायची गरजच नाही."

आणि मी? मला एम.ए. व्हायचं होतं. दादाच्या पगारावर. "तुझं शिक्षण थांबणार नाही रे," असं तो सांगायचा. माझा विश्वास बसत नव्हता. हे कारण म्हणून सांगत नाही. माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला ठाऊक असावं, एवढंच.

गाडीचे मागचे कमानपाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबून गेले होते. मूळ कंपनीचे मिळेनात, म्हणून दादाने कुर्ल्याहून दुसऱ्याच बनावटीची नवी जोडी आणली. दसऱ्याच्या सकाळी ती बसवायची, मग गाडीची पूजा, चाकांखाली लिंबं. मागची बाजू उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. उजवीकडे दादा, डावीकडे मी. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतात, बोल्टाभोवती बसणारी रबराची जाड कडी. गाडी अधांतरी असताना तिथले नट आवळायचे नाहीत, हे दादाने मला दोनदा सांगितलं होतं. आधी नुसते धरतील एवढेच फिरवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, आणि मग आवळायचे. नाहीतर रबराला पीळ बसतो आणि तो पीळ ती बाजू वर धरून ठेवतो.

आईने दादाला आंघोळीला हाक मारली. मी एकटाच गाडीखाली होतो. हात ग्रीसने माखलेले, आत उशाशी अर्धं वाचलेलं पुस्तक — मी माझे नट तिथेच, अधांतरी, पुरते आवळून टाकले.

दादा परत आला, गाडी उतरवली, म्हणाला, "हं, आता आवळ." मी पुन्हा चिखलात आडवा झालो. सगळे नट ढिले करून पुन्हा आवळायला हवे होते. मी काय केलं? नटावर पाना धरला आणि हालवल्यासारखं केलं. धातूचा आवाज तेवढा काढला.

"तुझी बाजू झाली?"

"झाली."

आईने हत्यारं ओढूनच नेली, धुतली, पाटावर मांडली, वर हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. गाडी लिंबांवरून पुढे गेली, थांबली — आणि उजवीकडे कललेली दिसली. चांगली दोन बोटं. शेजारचे घाडीमामा गॅलरीतून ओरडले, "अरे, तुझी गाडी लंगडता काय रे?" सगळे हसले. दादाही हसला. मी हसलो का? बहुतेक हसलोच.

तो सबंध दिवस माझ्याकडे होता. हत्यारांना हात लावायचा नव्हता, पण बोलायला कुणाची बंदी होती?

दुसऱ्या दिवसापासून दादा दोष शोधू लागला. चाकांतली हवा पाहिली. चाकं अदलाबदल केली. जमीन उतरती असेल म्हणून गाडी फरशीवर नेली आणि मडगार्डच्या कडेपासून दोरी सोडून उंची मापली. फरक तेवढाच. मग त्याने उजवा पाटा काढून कुर्ल्याला नेला, तापवून त्याची कमान वाढवून आणला. गाडी जराशी उचलली आणि चारच दिवसांत पुन्हा कलली. रोज संध्याकाळी कचेरीतून आला की तो चहासुद्धा न घेता गाडीखाली शिरायचा. नेहमी उजवीकडेच. नवा पाटा गाडी उचलतो, म्हणजे उंच राहिलेली बाजू चांगली, असंच कुणालाही वाटणार. दोष शोधायचा तो खाली बसलेल्या बाजूत.

एकदा मी घाबरत म्हटलं, "डावीकडचंही बघू या का?" तो म्हणाला, "तुझं काय बघायचं? तू सांगितलं तेवढंच करणारा माणूस. घोळ माझ्याच हाताचा आहे."

आता येतो मी त्या गोष्टीवर. तुम्हाला वाटत असेल की ती येऊन गेली. नाही — आतापर्यंतचा होता तो आळस.

दिवाळी झाली. तुळशीच्या लग्नानंतर घाडीमामांच्या भाच्याचं लग्न होतं, आणि त्याला दादाची गाडी ठरली होती. लग्नाच्या आदल्या दुपारी दादा कचेरीत होता. मी पाना घेऊन गाडीखाली गेलो. डावीकडच्या नटावर पाना बसवला. नट ढिले करून पुन्हा आवळले असते तर ती बाजू खाली आली असती, गाडी सरळ झाली असती, आणि कुणाला कधी काही कळलंही नसतं. दादाने मानलं असतं की पाटे आपोआप बसले.

आणि त्याने नोकरी सोडली असती.

मी पाना काढून घेतला. अंग झटकलं, हात धुतले, आत जाऊन पुस्तक उघडलं. कुणी भाग पाडलं नव्हतं. घाई नव्हती. नीट विचार करून मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेली गाडी मुलुंडला मांडवापुढे उभी राहिली, कललेली. नवरीकडचा कुणी मामा मोठ्याने म्हणाला, "नवरदेव आत्ताच एका बाजूला झुकलाय, लग्नानंतर काय होणार!" मांडवभर हशा पिकला. दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. पुढची दोन लग्नं आपणहून मोडली. म्हणजे लग्नं झाली, गाडी दुसरी आली.

माघात दादाने गाडी भंगारवाल्याला दिली. गॅरेजचं नाव पुन्हा काढलं नाही. रस्त्यात कुणाची मोटार अडली तर तो पलीकडून जायचा. घरात खिळा ठोकायचा झाला तरी मला हाक मारायचा — "तू ठोक, माझ्या हाताला सरळ जमत नाही." मी एम.ए. झालो, कॉलेजात शिकवू लागलो. तो अखेरपर्यंत फोर्टातल्या त्याच टेबलाशी बसला. दर दसऱ्याला मात्र ते पाने तो स्वतः घासायचा, पाटावर मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळून ठेवायचा.

परवा वहिनीने ते गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "भावजी, हे तुम्हीच घ्या. ते नेहमी म्हणायचे, त्या गाडीची एकच बाजू नीट बसली होती, ती तुमची."

मी दोन्ही हात पुढे केले आणि ते घेतले.