रुद्रप्पांच्या चौदा तबकड्या

रुद्रप्पा आमच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. उंच, ताठ, खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि शर्टाच्या आत गळ्यातलं इष्टलिंग. मैदानावर त्यांनी "एक!" म्हटलं की तीनशे डावे पाय एकदम आपटत आणि बाहेरच्या रस्त्यावरचा टांग्याचा घोडा कान टवकारी. वीस वर्षांत मी त्यांना मैदानावर हसताना पाहिलं नाही.

रविवारी सकाळी मात्र ते दुसरेच कुणी असत. हे शाळेत फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विशीत असताना, ते पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या सोल्जरांच्या एका क्लबात सामानाच्या कोठीवर नोकरीला होते. शनिवारी तिथं नाच असे. अकरा गोवेकर वाजवणारे, पांढरे कोट, चमकणारी पितळी वाद्यं. कोठीचं दार बोटभर उघडं ठेवून रुद्रप्पा उभे राहत. आत जायची सोय नव्हती. पण गाणं दाराबाहेर येतंच. लढाई संपली, क्लब मोडला, सामानाचा लिलाव झाला. इतरांनी खुर्च्या घेतल्या, कपबश्या घेतल्या. रुद्रप्पा भोंग्याचा ग्रामोफोन, चौदा तबकड्या आणि कुणा साहेबाचे काळे-पांढरे दुरंगी बूट घेऊन सोलापूरला आले.

त्या संगीताला ते 'स्विंग' म्हणत. मला गाण्यातलं फार कळत नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांनी मला समजावलं, तेही ड्रिल मास्तरासारखंच.

"मास्तर, एक-दोन-तीन-चार मोजा. आपला जोर कशावर?"

"एकवर."

"ह्यांचा दोनवर आन् चारवर. पाय उचलल्यागत वाटतो की न्हाय? आठवडाभर मी एकवर आपटतोय. रविवारी तरी दोनवर आपटू द्या मला."

खिडकी लावलेली असे. भोंग्यात एक पंचा कोंबलेला असे, आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून. दुरंगी बूट घालून रुद्रप्पा खोलीच्या मधोमध उभे राहत आणि गुडघ्यातून किंचित हलत. क्लॅरिनेट वर चढायला लागलं की डोळे मिटत. त्यांची मुलगी दाक्षायणी स्वयंपाकघरात भाकरी थापायची तीही दोनवर आणि चारवर. आई पार्वतम्मा चुलीपाशी म्हणायच्या, "बाप तसा, लेक तशी. भाकरी तेवढी गोल होऊ दे."

मी घरी सांगत असे की वह्या तपासायला जातो. हे आत्ताच लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच जातीचं आहे.

लपवायचं कारण साधं होतं. तबकड्यांच्या पाकिटांवर चित्रं होती: बाई आणि पुरुष, एकमेकांच्या कमरेत हात, नाचताना. १९७४ साली अक्कलकोटकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. कुणीतरी तिकडं कळवलं की मुलीचा बाप बंद खोलीत साहेबाचा नाच करतो. नाच म्हटलं की पुढं दारू आलीच, आणि आमच्याकडच्या लिंगायत घरात दारूचा नुसता संशय पुरतो. त्या लोकांनी निरोपही पाठवला नाही. रुद्रप्पांनी थेंबाला कधी हात लावला नव्हता. पण हे दारोदार सांगत कोण फिरणार?

पुढच्या वर्षी चैत्रात बार्शीचं स्थळ आलं. सिद्धलिंगप्पा, भुसारचे व्यापारी. त्यांचा मुलगा चन्नवीर बी.कॉम. झालेला. मंडळी मंगळवारी बघायला येणार होती. आदल्या शनिवारी रुद्रप्पा माझ्याकडं आले. दारातच उभे राहिले.

"मास्तर, ग्रामोफोनची पेटी आन् तबकड्या तुमच्या घरी ठेवाल का? लगीन होईस्तोवर."

माझ्याकडं दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत कपाट होतं, निम्मं रिकामं. पण मला पाकिटांवरची ती चित्रं आठवली. घरमालक आठवला, शाळेच्या कमिटीतले दोघे-तिघे आठवले, बायकोला सांगितलेल्या वह्या आठवल्या.

"जागाच नाही हो," मी म्हणालो. "तुमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवा की. वर गोवऱ्यांची पोती टाका. कोण बघायला जातंय?"

ते म्हणाले, "व्हय, तेबी खरं," आणि गेले.

रुद्रप्पांचं मुख्य घर माळवदाचं होतं. मातीचं जाड छप्पर, उन्हाळ्यातही आत गारवा. मागची खोली मात्र नुसत्या पत्र्याची. आणि मी भूगोल शिकवणारा माणूस. सोलापूरचं वैशाखातलं तापमान मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

मंगळवारी मंडळी आली. सिद्धलिंगप्पा, चन्नवीर आणि सिद्धलिंगप्पांची थोरली बहीण बसव्वा. बसव्वा हाडानं बारीक, नजरेनं करारी. "बर्री, कुंदर्री," असं कानडीत आगतस्वागत झालं. मीही होतो, शेजारपाजारचा एखादा मास्तर असला की बैठकीला वजन येतं.

दाक्षायणी पोहे घेऊन आली. बसव्वांनी तिला चालायला लावलं नाही, केस सोडायला लावले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एखादं वचन म्हण की पोरी."

तिनं लिंगायत संतांचं एक कानडी वचन म्हटलं. आवाज स्वच्छ होता. शब्द सगळे जुनेच, पण तिचं बोट गुडघ्यावर पडत होतं ते दोनवर आणि चारवर. ओळ तिथं किंचित उचलली जायची, जणू कुणी हाताला धरून पायरी चढवतंय. रुद्रप्पा जमिनीकडं बघत होते. बसव्वांची मान हलायला लागली होती.

"चाल लई येगळी हाय," वचन संपल्यावर त्या म्हणाल्या. "कुणी शिकवली?"

दाक्षायणीचा चेहरा उजळला. "आमच्या अप्पांनी—"

"मला गाण्यातलं काय कळतंय?" रुद्रप्पा घाईनं म्हणाले. "मी कवायतीचा माणूस."

सिद्धलिंगप्पांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मग ते ग्रामोफोनचं, नाचाचं लोक बोलत्यात, ते?"

"अफवा हो. आमच्या घरात तसलं काय न्हाय. कधीच नव्हतं. विचारा ह्या मास्तरांना."

सगळे माझ्याकडं वळले. दाक्षायणीसुद्धा.

मी म्हणालो, "वीस वर्षं येतोय मी ह्या घरात. भजनाशिवाय काही ऐकलं नाही." आणि तेवढ्यावर न थांबता पुढं म्हणालो, "ही चाल ना, आमच्या शाळेतल्या लेझमीची आहे. मुलींना सवय लागते."

दाक्षायणीनं आधी वडलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला मी सातवीत शिकवलं होतं. मग बश्या उचलून ती आत गेली.

लग्न ठरलं. अक्षय्यतृतीयेच्या पुढच्या आठवड्यात बार्शीला झालंही. वरातीला बँड होता, ट्रंपेट आणि क्लॅरिनेट दोन्ही होती. रुद्रप्पा हात मागं बांधून उभे होते. मी त्यांच्या पायांकडं पाहत होतो. पाय हलले नाहीत.

त्यानंतर रविवार बंद झाले. जूनमध्ये मी एकदा विचारलं, "आता काय हरकत आहे? काढा की पेटी."

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

श्रावणात पंचमीला दाक्षायणी माहेरी आली. दुसऱ्या दिवशी चन्नवीर न्यायला येणार होता, म्हणून त्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं. मी पोचलो तेव्हा घरात बोलणं नव्हतं. पार्वतम्मांनी हळूच सांगितलं की पोरीनं आल्या आल्या कोपऱ्यात बघितलं, पेटीच्या जागी ट्रंक दिसली.

"तिनं इचारलं, पेटी कुटं गेली. हे म्हणले, काढून टाकली. तवापासून बोलंना झालीय."

जेवणं झाली. शेंगदाण्याचे लाडू आले. चन्नवीर मोकळा मुलगा होता. एक लाडू संपवून तो रुद्रप्पांना म्हणाला, "मामा, ते दोनवर पाय आपटायचं मला दाखवा की. ही रोज भाकरी थापताना करते. आमची आत्या म्हणती, सून आणली का तबलजी?"

रुद्रप्पांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"तुमाला... ठाऊक हाय?"

"सगळ्यांना ठाऊक हाय. हिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आन् आत्यानं तर त्याच दिवशी ओळखलं होतं. परत जाताना एस.टी.त म्हणाली, घरात वाजंत्री हाय बग, लाजत्यात बिचारे. पण तो कोण मास्तर होता, त्यानं लेझमीची लई मोठी थाप मारली म्हणून आत्या बार्शीपत्तोर हसत—"

दाक्षायणीनं त्याला कोपर मारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तो मास्तर मीच हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. माझा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण कान तापलेले कळले.

रुद्रप्पा उठले. मागच्या खोलीत पोती सरकवल्याचा आवाज आला. ते पेटी घेऊन आले, मग तबकड्या. एकेक पाकिटातून काढून सतरंजीवर ठेवली. चौदाच्या चौदा वाकल्या होत्या. तबकडी लाखेची असते, बांगडीसारखी. ऊन लागलं की मऊ पडते. काहींच्या कडा पत्रावळीसारख्या वर आल्या होत्या, एकीचा तर पार द्रोण झाला होता.

त्यातल्या त्यात बरी दिसणारी एक त्यांनी लावली. सुई चढायची, उतरायची. क्लॅरिनेट पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखं वर येऊन श्वास घ्यायचं आणि पुन्हा खाली जायचं. चन्नवीर हसायला लागला होता, पण सासऱ्यांचं तोंड बघून थांबला. अर्ध्यातच सुई घसरली.

"पत्र्याच्या खोलीत?" दाक्षायणी म्हणाली. कालपासूनचं तिचं वडलांशी पहिलं बोलणं. "उन्हाळाभर? अप्पा, तुमाला कळलं न्हाय?"

"चूक झाली माझी," रुद्रप्पा म्हणाले. "जूनमधी बघितलं, तवाच कळलं. आन् त्या दिवशी लोकांपुढं तुझं बोलणं तोडलं, ती त्याहून मोठी चूक. गाणं माझं, आन् तुला खोटं पाडलं."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. घेणारही नव्हते. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच राहिलं असतं, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन क्षण मी गप्पच बसलो.

मग म्हणालो, "पत्र्याच्या खोलीत ठेवायला मी सांगितलं. ते माझ्याकडं आणणार होते."

"जागा न्हवती म्हणला होता की तुमी," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "दोन खोल्यांत माणसानं काय काय ठेवावं?"

"होती जागा," मी म्हणालो. "निम्मं कपाट रिकामं होतं."

पार्वतम्मा चहा ठेवायला आत गेल्या. दाक्षायणी तबकड्या पुन्हा पाकिटांत घालू लागली. प्रत्येक पाकिटाची कोपऱ्यावरची घडी तिनं बोटानं नीट केली. मग म्हणाली, "सर, तुमी तर आमाला सोलापूरचा उन्हाळा पाठ करून घेतला होता." रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातल्या दोन मोठ्या तसबिरींच्या काचा काढल्या. बायकोनं विचारलं, "हे काय चाललंय?" मी तिला सगळं सांगितलं, वह्यांसकट. ती म्हणाली, "वह्या दर रविवारी तपासून पोरांचे मार्क वाढले नाहीत, तेव्हाच मला कळलं होतं."

वाकलेली तबकडी सरळ करायची युक्ती रुद्रप्पांना क्लबातल्या गोवेकरांकडून ठाऊक होती, आदल्या दिवशी मी निघताना त्यांनी ती सांगितली होती: दोन काचांमध्ये तबकडी घालायची आणि काचा उन्हात ठेवायच्या. माळवदावर आम्ही दोघं बसलो. श्रावण होता, पण ढग फाटले की सोलापूरचं श्रावणातलं ऊन इतर गावांच्या वैशाखाच्या तोंडात मारतं. तबकडी मऊ पडली की वरच्या काचेवर वजन ठेवायचं आणि सावलीत सरकवायचं. वजनाला शाळेचा जुना अॅटलास मीच आणला होता. चार तबकड्या घाईत तडकल्या. सात जणी थोड्याबहुत वाकड्याच राहिल्या. तीन सरळ झाल्या.

"तीन बास," रुद्रप्पा म्हणाले. "क्लबात तरी मला दारातनं कितीसं ऐकू यायचं?"

त्या रविवारी मी गेलो तेव्हा खिडकी उघडी होती. त्यांनी दुरंगी बूट घातले होते. चावी दिली, भोंग्यातला पंचा ओढून काढला आणि कुठं ठेवावा ते न सुचून माझ्या हातात दिला. मी खिडकीशी बसलो होतो. क्लॅरिनेट बाहेर गेलं. समोरच्या ओट्यावर दगडाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले.

"काय हो मास्तर, काय वाजतंय हे?"

रुद्रप्पांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. पाय चालूच होता.

"स्विंग," मी म्हणालो. पण अगदी हळू, खोलीपुरतं.

"आँ?"

मी पंचा खाली ठेवला, खिडकीतून वाकलो आणि पुन्हा सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल असं.