रॉडच्या मशीनवर वायर

धरणगावच्या रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. उभी हयात रॉडनेच जोड मारले. शाळा चौथीपर्यंत, पण माझा जोड सुटून एखादी ट्रॉली परत आली असं कोणी पुढं येऊन सांगावं.

अलीकडे मात्र उजवा हात थरथरतो. रॉड लांब, त्याचं टोक जोडावर ठरेचना. पोरगा रोज म्हणायचा, "नाना, आते घरमा बठ." घरी बसून काय माशा मारू?

मग कळलं, रॉडऐवजी वायर जाळून जोड मारणारी गन आखूड असते, दोन्ही हातांनी धरता येते. जळगावहून एक वापरलेला फीडर आणला, म्हणजे गनमधून आपोआप वायर सोडणारी पेटी. विकणारा सांगत होता, "आबा, मशीन रॉडचं असेल तर झाकणाच्या आत..." पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. मला कोण शिकवतो!

माझ्या जुन्या रॉडच्या मशीनला फीडर जोडला आणि फजिती सुरू झाली. वायर जळत जळत गनच्या तोंडाशी येऊन चिकटे. वेग वाढवला तर न जळताच लोखंडाला ढोसे. मधला मेळ काही बसेना.

"गननी टीप जळी गई, नाना. आते हट्ट बी जळू दे," पोरगा म्हणाला.

मी डोळ्यांवरची काच काढून खाली बसलो. हे जमलं नाही तर दुकानात माझं काम उरणार नव्हतं. पोराने ते पाहिलं. मग त्यानेच जळगावच्या विकणाऱ्याला फोन लावला, पेटीचं झाकण उघडलं आणि आतला खटका रॉडच्या मशीनच्या खुणेकडे ओढला. जाळाचा अंदाज घेणारी पेटीची एक बारीक चिमट्याची केबल लोंबत होती, ती लोखंडाला लावली. म्हणाला, "आते मार."

हात थरथरलाच. पण गनपुढचा जाळ लांबला की पेटी वायर जोरात सोडी, आखूड झाला की सावकाश. माझा हात हले तशी ती सांभाळून घेई. ट्रॉलीच्या हुकाचा अख्खा जोड एका दमात झाला. वरची पापडी झाडली, घण घातला. जोड तसाच! 

पोराने वाकून बोट फिरवलं. "तुना हातनं काय ते माले माहीत नही. जोड बरा शे."

"मंग ती दुसरी ट्रॉली आठे सरकाव."

त्याने ती सरकवली.