तक्त्याच्या तळाची ओळ

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं, त्या तर आत्ता पलीकडच्या खोलीत मटार सोलत बसल्या आहेत. उठून त्यांच्याकडे जायचं सोडून मी तुम्हाला सांगतेय — यावरूनच ओळखा मी किती धीट ते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्याच म्हणतात. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आम्ही नेरूळला दोन खोल्यांत राहत होतो आणि मला तुर्भ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. बस आली तर आली, नाही तर नाही. शेवटी नवऱ्यानं एक जुनी बिनगियरची स्कूटर आणली. पण चालवायची तर आधी कच्चं लायसन्स, आणि त्यासाठी आरटीओत तोंडी परीक्षा. साहेब खुणेवर बोट ठेवणार, आपण सांगायचं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं खुणांचा एक तक्ता दिला होता. तो मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर भिंतीला चिकटवला.

मी बी.कॉम. आहे, हे आधी सांगून ठेवते. तरी ती चित्रं डोक्यात राहीनात. अरुंद पूल कुठला आणि अरुंद रस्ता कुठला — मला दोन्ही सारखेच. आत्यांना अक्षरओळख नव्हती. पण पोळ्या लाटता लाटता त्या तक्त्याकडे बघत, मी खालचं नाव एकदा वाचून दाखवायचा अवकाश, की कायमचं पाठ. चौथ्या दिवशी तर त्यांनी मलाच नियम सांगितला, "गोलातलं ऐकायचं, तिकोनातलं सांभाळायचं." म्हणजे गोलातली खूण हा हुकूम, त्रिकोणातली हा इशारा. चार दिवस तक्ता माझ्याही नाकासमोर होता ना? मला का नाही दिसलं? त्रेपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाचता येत होतं, आणि त्या वाचत सुटल्या होत्या.

हाताच्या इशाऱ्यांचं तर विचारूच नका. मोरीकडे वळायचं तरी आधी उजवा हात बाहेर. माझा नवरा त्या हातावर दोनदा आदळला, एकदा तर चहाच्या कपासकट. वेग कमी करतोय, हे हातानं दाखवायचं मला काही जमेना, तेव्हा म्हणाल्या, "रडतं पोर थोपटत्यात, तसं कर की." घरात इतकं हसणं त्याआधी नव्हतं आणि मला त्या दिवसांत आत्या फार आवडायला लागल्या होत्या. म्हणूनच तर पुढचं सांगायला जड जातंय.

परीक्षेला दोन दिवस होते. नवरा सेकंड शिफ्टला गेलेला, घरात आम्ही दोघीच. आत्या ओट्याशी उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी बी येती तुज्यासंगं. जलमात एक बी परीक्षा दिली न्हाई. येक दिऊ दे की."

आणि मी — आलं बघा, किती वळसे घेतले इथवर यायला — मी म्हटलं, पन्नाशीनंतर देत नाहीत.

"कुटं लिवलंय?"

साधा प्रश्न. गप्प बसता आलं असतं, नाही का? मी उठले. तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलं आणि एकेक शब्द सावकाश वाचला — पन्नास वर्षांवरील व्यक्तीस परवाना मिळणार नाही. तिथे खरं काय छापलं होतं, सांगू? 'महिलांना शिकवण्याची खास सोय.'

नऊवारीतल्या सासूला घेऊन रांगेत उभं राहायची लाज वाटली, असं मी पुढे कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आले. तेही खोटंच. मला खात्री होती की त्या पास होतील आणि मी नापास होईन.

आत्यांनी त्या ओळीकडे जरा वेळ पाहिलं. "आसंल. सरकारचा नेम," एवढंच म्हणाल्या. नवऱ्यापुढे त्यांनी हा विषय कधी काढलाच नाही. उलट दोन दिवस मला घोकायला लावून हैराण केलं. परीक्षेत साहेबांनी नेमकं वेग कमी करायचं विचारलं आणि माझी पाटी कोरी. मग आठवलं. मी हवेत पोर थोपटलं. साहेब हसले आणि शिक्का मारला. घरी आत्यांनी शिरा केला, मजल्यावरच्या सगळ्या दारांत नेऊन दिला. "आमची पास झाली," म्हणत होत्या. तो शिरा मी दोनदा मागून खाल्ला, हेही लिहून ठेवते.

पुढे त्या माझ्या मागे बसायला लागल्या. नऊवारीचा कासोटा, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून ऐटीत. आणि मी इंडिकेटर लावायच्या आधी मागून त्यांचा हात बाहेर. एका संध्याकाळी आम्ही मासळी आणायला सारसोळ्याला निघालो होतो. समोरून एक बाई स्कूटरवरून आली. पांढरेशुभ्र केस, चष्मा, साठीच्या तरी असतील. आत्या मान वळवून तिच्याकडे बघत राहिल्या. माझ्या पाठीला ते कळत होतं. आता विचारतील, असं वाटून मी वेग कमी केला.

"लई लवकर पिकल्यात गं केस बाईचं," आत्या म्हणाल्या. "पन्नाशीच्या आतलीच आसंल."

मी हो म्हटलं. मग वळण आलं, आणि मागून त्यांचा हात बाहेर आला.