शिक्षेचा रकाना
अंगठ्याच्या शाईचा वास आला, की मला बाळकुमचा तो मिठागरातला माणूस आठवतो. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची गोष्ट. ठाण्याच्या एका कचेरीत मी कारकून होतो आणि आगीच्या बंबावर माणसं भरायची होती. लिहिता न येणाऱ्यांचे अर्ज मीच भरायचो. 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' या रकान्यात तर मी कुणालाही न विचारताच 'नाही' लिहून मोकळा व्हायचो. बाहेर रांग लांब असायची आणि खिडकीतून खाडीची खारट, गरम हवा अंगावर यायची. मिठागरातल्या या माणसाचाही अर्ज तसाच भरला, रीतीप्रमाणे वाचून दाखवला आणि शाईचा डबा पुढे सरकवला. त्यानं अंगठा शाईत बुडवला, पण कागदावर टेकवला नाही. "ते खोडा, सायेब. मिठाची गोणी चोरली म्हणून मी महिनाभर आत व्हतो." मी हळूच म्हटलं, "अरे, याची चौकशी करायला कोण येतंय? हातची नोकरी घालवशील." तो म्हणाला, "आग लागली की लोक घर उघडं टाकून पलतात. त्या घरात आमी शिरायचं. मंग खोट्यावर अंगठा देऊन कसा शिरू?" मी खोडलं. साहेबांनी त्याचा अर्ज नामंजूर केला. माझे 'नाही'वाले सगळे कामाला लागले. आज माझं घर पेटलं, तर आत त्यानंच शिरावं असं मला वाटतं. त्याचं नाव त्या अर्जावर मीच लिहिलं होतं, आणि आता ते मला आठवत नाही.